वॉकीटॉकी कामावर: परवाना, पल्ला आणि शब्द

मुंबईत चाळीस मजली इमारत उभी राहत असते तेव्हा टॉवर क्रेनच्या केबिनमधल्या ऑपरेटरला खालचा माल बहुतेक वेळा दिसत नाही. स्लॅबच्या कडेपलीकडे दोन टन सळयांचा गठ्ठा हुकाला लटकलेला असतो. तो किती खाली आला, कुणाच्या डोक्यावर आला, हे त्याला कळतं ते खाली उभ्या, माल बांधणाऱ्या रिगरच्या आवाजावरून. क्रेनची ठरल्या मुदतीत तपासणी होते, दोराची होते, हुकाची होते, ऑपरेटरकडे प्रमाणपत्र मागितलं जातं. ज्याच्यावर या सगळ्याची मदार आहे त्या वॉकीटॉकीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तो कोणत्या वारंवारितेवर चालतो, बॅटरी किती जुनी आहे, बोलणाऱ्याला काय शिकवलं आहे, याची नोंद फारच थोड्या साइटवर सापडेल.

सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार, मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, चित्रीकरणातले सहायक, बंदरावरचे खलाशी, साखर कारखान्यात गव्हाणीपासून बॉयलरपर्यंतचे कामगार, विसर्जन मिरवणुकीतले स्वयंसेवक, अशा सगळ्यांच्या हातात आज हा सेट आहे. तो देताना ‘हे बटण दाबून बोलायचं’ एवढंच सांगितलं जातं. रेल्वेचं तसं नाही. तिथे लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) यांच्याकडे ५ वॅटचे हातातले सेट असतात, स्टेशन मास्तरकडे २५ वॅटचा, आणि कुणी कुणाला कधी काय कळवायचं हे नियमांत लिहिलेलं असतं. खासगी कामांवर ही शिस्त आलेली नाही. सेट स्वस्त झाले, शिकवण मागे राहिली.

आधी परवान्याचं पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. दुकानात किंवा संकेतस्थळावर विकत मिळतो म्हणजे वापरायला मोकळा आहे, असं अनेक ठेकेदार धरून चालतात. भारतात बिनतारी संच बाळगण्यावर १९३३ च्या कायद्यापासून सरकारी नियंत्रण आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ते तत्त्व कायम ठेवलं आहे. वारंवारितांचं वाटप दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा करते आणि अर्ज ‘सरल संचार’ या पोर्टलवर करायचे असतात. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा अरुंद पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केला. पण परवानामुक्त असला तरी त्या मॉडेलला सरकारची उपकरण मान्यता लागतेच. ४०३ ते ४७० किंवा १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही जुळवता येणारा सेट या सवलतीत बसत नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा दिल्या. वॉकीटॉकी विकताना वारंवारिता, परवान्याची गरज आणि मान्यता यांची माहिती दिली जात नव्हती, हा आक्षेप होता. पाठोपाठ अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आली. ही कारवाई योग्यच होती. वेल्डिंगच्या दुकानासाठी घेतलेला स्वस्त सेट कारखान्यातून येताना कुठल्या वारंवारितेवर लावलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ती पोलिसांची किंवा अग्निशमन दलाची असू शकते. म्हणून विक्रेत्याकडे दोन कागद मागावेत: उपकरण मान्यतेचा आणि सेटमध्ये भरलेल्या वारंवारितांचा. दुसरा कागद देता येत नसेल तर तो सेट घेऊ नये. आणखी एक पळवाट सर्रास दिसते. कुणा ओळखीच्या हौशी रेडिओवाल्याकडे हॅमचा परवाना असतो आणि त्याच्या भरवशावर सगळी साइट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये बोलू लागते. हॅम परवाना व्यक्तीला मिळतो, तोही परीक्षा देऊन, आणि धंद्याच्या कामासाठी तो चालत नाही.

आता पल्ला. खोक्यावर दहा-पंधरा किलोमीटर लिहिलेलं असतं. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आडवी येते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा आणि साधारण चारने गुणा, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. माणसाच्या छातीच्या उंचीवर ते पाचेक किलोमीटर भरतं. दोन माणसं मोकळ्या सपाट मैदानात असतील तर दहा. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावरून तेच क्षितिज दीडशे किलोमीटरच्या पलीकडे जातं. खोक्यावरचा आकडा अशाच मोकळ्या, उंच जागी खरा ठरतो. लोअर परळच्या तळघरात तीन मजले खाली गेल्यावर शंभर मीटरसुद्धा मिळतील याची खात्री नाही.

व्हीएचएफ (१३६ ते १७४ मेगाहर्ट्झ) की यूएचएफ (४०३ ते ४७०), हा प्रश्न नेहमी येतो. मोकळं शेत, उघडी खाण, घाटातलं रस्त्याचं काम असेल तर व्हीएचएफ. इमारती, गोदामं, जिने, कारखान्याची शेड असेल तर यूएचएफ, कारण तिची तरंगलांबी पाऊण मीटरच्या आत असते आणि ती दारं-खिडक्यांमधून वाट काढते. वॅट वाढवून फारसा फायदा होत नाही. शक्ती दुप्पट केली तरी पल्ला थोडाच वाढतो, बॅटरी मात्र लवकर उतरते. अँटेना चांगली आणि उंचावर असणं, गरज तिथे आवाज पकडून पुन्हा जोरात पाठवणारा रिपीटर बसवणं, बोगद्यात किंवा भूमिगत खाणीत लहरी झिरपू देणारी केबल टाकणं, हे खरे उपाय.

त्याआधी एक साधं काम करायचं असतं. एकाने नियंत्रण कक्षात बसायचं, दुसऱ्याने सेट घेऊन सगळी जागा चालून यायची: लिफ्टच्या आत दार लावून, पंपघरात, टाकीच्या मागे, जिन्याच्या प्रत्येक वळणावर. आवाज तुटला तिथे नकाशावर खूण करायची. हा नकाशा भिंतीवर लावला पाहिजे आणि प्रत्येक नव्या भिंतीनंतर तो बदलला पाहिजे, कारण काँक्रीट आणि सळई चढत जाते तशा मुक्या जागा वाढतात. पहिल्या महिन्यात नीट चाललेला सेट सहाव्या महिन्यात निकामी वाटतो. सेट तोच असतो, इमारत बदललेली असते.

रिपीटर बसवला म्हणजे झालं असंही नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ ला उत्तरेकडच्या मनोऱ्यात पोचलेल्या अधिकाऱ्यांनी तो तपासला आणि बंद आहे असं समजून सोडून दिला. नंतरच्या चौकशी आयोगाला दिसलं की रिपीटर चालू होता. मुख्य हँडसेट चालू करणारं दुसरं बटण दाबलं गेलं नव्हतं. त्या दिवशी दलाचे ३४३ जवान गेले. त्यामागे अनेक कारणं होती, सगळं त्या एका बटणावर टाकणं अन्यायाचं ठरेल. पण संकटाच्या वेळी वापरायची यंत्रणा रोज वापरात नसेल तर ऐनवेळी ती आहे की नाही हेही कळत नाही, एवढं त्यातून घ्यावंच लागतं.

सेटमध्ये काय भरायचं याबद्दल एक इशारा द्यायला हवा. ‘प्रायव्हसी कोड’ नावाची सोय बहुतेक संचांत असते. आवाजाबरोबर कानाला न जाणवणारा, साधारण ६७ ते २५४ हर्ट्झचा एक सूर पाठवला जातो आणि तो सूर ओळखणाऱ्या सेटचाच स्पीकर उघडतो. इथे खासगी काहीच नसतं. चॅनल तेच, लहरी त्याच. शेजारच्या साइटचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. चॅनल मोकळं आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ते व्यापलेलं असतं. तुम्ही बोललात आणि त्याच क्षणी दोनशे मीटरवरचा दुसरा कुणी बोलला, तर एफएम संचाचा स्वभाव असा की तो जोरकस लहर धरतो आणि कमजोर लहर पुसून टाकतो. दोन आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, एक नाहीसा होतो.

याचं महत्त्व तेनेरिफच्या विमान अपघातावरून कळतं. २७ मार्च १९७७ ला तिथल्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. नियंत्रकाचा ‘थांबा, मी सांगेन’ हा निरोप आणि दुसऱ्या विमानाचा ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा निरोप एकाच वेळी गेला, आणि उड्डाणाच्या तयारीत असलेल्या केबिनमध्ये एक कर्कश शिट्टी ऐकू आली. विमानांचे रेडिओ एएम पद्धतीचे असल्यामुळे निदान शिट्टी तरी आली. साइटवरच्या एफएम संचात तीही येणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: क्रेनसाठी परवानामुक्त सामाईक चॅनल वापरू नये. क्रेनला स्वतःची, परवाना घेतलेली वारंवारिता हवी आणि तिच्यावर चहा कुठे आला, गाडी कुठे लावली असलं काहीही बोलू नये. अमेरिकेच्या बांधकाम क्रेनविषयीच्या २०१० च्या नियमांतही राखीव चॅनल, काम सुरू करण्याआधी जागेवर चाचणी आणि ऑपरेटरला हात न लावता ऐकू येईल अशी सोय, या अपेक्षा आहेत.

बोलण्याचा वेळ मर्यादित ठेवणारा टायमर मिनिटभरावर लावावा. बटण अडकलं, किंवा सेटवर कुणी बसलं, तर सगळं चॅनल एकाच्या श्वासोच्छ्वासाने भरून जातं आणि कुणाचीही हाक जात नाही. आवाज ओळखून आपोआप चालू होण्याची सोय गोंगाटाच्या जागी बंदच ठेवावी, नाहीतर ड्रिलिंगच्या आवाजानेही सेट बोलू लागतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते शब्दांकडे. वॉकीटॉकीतून साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची धार त्याच्या वर असते, ती गळून पडते. आता ‘सोडा’ आणि ‘ओढा’ हे शब्द घ्या. समोरासमोर कुणी गफलत करणार नाही. सेटवर, मिक्सरच्या घरघरीत, दोन्ही जवळजवळ सारखे येतात, आणि अर्थ नेमका उलटा. दुसरी अडचण बटणाची. दाबल्यावर सेट बोलायला तयार होण्यास क्षणभर लागतो, रिपीटर असेल तर आणखी थोडं, म्हणून घाईत पहिलं अक्षर जातं. आणि वाक्य संपता संपता अंगठा उचलण्याची सवय सगळ्यांनाच असते, त्यामुळे शेवटचं अक्षरही जातं. इंग्रजीत नकार आधी येतो, मराठीत शेवटी. ‘सोडू नका’ यातला ‘नका’ गेला की ऑपरेटरला ऐकू येतं ते ‘सोडू’. घाईच्या वेळी हाच शब्द कामाची परवानगी वाटतो.

म्हणून सेटवर नकारार्थी आज्ञा द्यायचीच नाही, असा नियम हवा. थांबवायचं असेल तर ‘थांबा, थांबा, थांबा’, तीनदा. हा शब्द दुसऱ्या कुठल्याही बोलण्यात वापरायचा नाही, आणि तो साइटवरच्या कुणीही, अगदी झाडूवाल्या मावशींनीही उच्चारला तरी ऑपरेटरने थांबायचं. आज्ञेला ठरलेला क्रम हवा: कोणती हालचाल आणि कोणत्या दिशेने, किती, आणि शेवटी थांबण्याचा शब्द. ‘हूक खाली, दहा फूट… पाच… तीन… दोन… एक… थांबा.’ आकडे येत राहिले पाहिजेत. मध्येच आवाज बंद झाला तर ऑपरेटरने हात जागच्या जागी थांबवायचा आणि पुन्हा आवाज येईपर्यंत हलवायचा नाही. मोजणी चालू असणं हाच सेट जिवंत असल्याचा पुरावा.

जुन्या खलाशांकडून आलेले ‘हाफिज’ म्हणजे वर आणि ‘आरिया’ म्हणजे खाली हे शब्द अजून अनेक साइटवर चालतात. ते टिकवावेत असं मला वाटतं. दोन्हींचा नाद अगदी वेगळा आहे, गोंगाटात गल्लत होत नाही, आणि बिहार, बंगाल, ओडिशा, विदर्भ असा कुठूनही आलेला रिगर ते लवकर उचलतो. भाषा कोणतीही चालेल, पण त्या साइटवर एकच ठरलेली हवी आणि पाळी बदलली तरी ती बदलता कामा नये.

मिळालेला निरोप परत म्हणून दाखवणं हा या शिस्तीचा दुसरा आधार. ‘बरं’, ‘हो’, ‘कॉपी’ या उत्तरांतून निरोप पोचला एवढंच कळतं, तो बरोबर समजला का ते कळत नाही. रेल्वेत स्टेशन मास्तर आणि गेटमन फाटक बंद असल्याचा निरोप फोनवर प्रायव्हेट नंबर देऊन-घेऊन पक्का करतात. विजेच्या कामात, फीडर बंद करण्याच्या किंवा व्हॉल्व उघडण्याच्या निरोपात असाच काटेकोरपणा हवा: ‘तीन नंबर व्हॉल्व बंद करा.’ ‘तीन नंबर व्हॉल्व बंद करतो.’ ‘बरोबर.’ याला सहा सेकंद लागतात.

रासायनिक कारखान्यांत प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे: तिथे सेटच्या ठिणगीनेच वायू पेटू शकतो. हा धोका आधी खाणींत दिसला. १४ ऑक्टोबर १९१३ ला वेल्समधल्या सेंघेनिड इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. नेमकं कारण शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण संदेश देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या घंटेच्या तारांमधली ठिणगी संशयितांत होती. त्या काळातल्या संशोधनातून एक कल्पना पुढे आली: उपकरणातली विद्युत ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी पडली तरी वायू पेटणार नाही. मिथेनला पेटायला मिलिज्यूलचा सुमारे तिसरा हिस्सा पुरतो, हायड्रोजनला त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. साधा वॉकीटॉकी पडला आणि बॅटरी निसटली तर पडणारी ठिणगी याहून मोठी असू शकते.

तारापूर, रोहा, महाड, लोटे इथल्या ज्या विभागांत ज्वालाग्राही बाष्प असू शकतं तिथे याच तत्त्वावर बनवलेला, सुरक्षित म्हणून प्रमाणित सेटच हवा. त्याच्यावर कोणत्या वायुगटासाठी आणि किती तापमानापर्यंत तो चालतो हे कोरलेलं असतं, आणि ते वाचता आलं पाहिजे. टी-४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही. पण कार्बन डायसल्फाइड सुमारे ९० अंशांवरच पेटतं, तिथे टी-४ पुरत नाही. पेट्रोलियम साठे आणि शुद्धीकरण कारखान्यांतल्या अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. प्रमाणपत्र सेट आणि बॅटरी दोन्हींचं मिळून असतं, हे खरेदी विभागाला सांगावं लागतं. मूळ बॅटरी संपली म्हणून बाजारातली स्वस्त बॅटरी लावली की त्या क्षणी प्रमाणपत्र रद्दच समजायचं. बॅटरी बदलायची ती धोक्याच्या क्षेत्राबाहेर येऊन, आणि फुटलेल्या कवचाचा सेट आत न्यायचा नाही.

सुरुंगाच्या कामाजवळ विजेवर चालणारे डिटोनेटर असतील तर रेडिओच्या लहरींनी त्यांच्या तारांत प्रवाह निर्माण होऊ शकतो, म्हणून सेट ठरल्या अंतरावर बंद करावे लागतात. असे डिटोनेटर बनवण्यावर आणि बाळगण्यावर केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून बंदी घातली आहे, तरी ब्लास्टरने सांगितलेलं अंतर पाळावंच.

शरीरावरच्या परिणामाबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी आहे. चार-पाच वॅटचा सेट चेहऱ्यापासून तीन ते पाच सेंटिमीटर दूर, उभा धरावा, निम्म्यापेक्षा जास्त वेळ बोलू नये आणि अँटेना तुटलेली नसावी, एवढं उत्पादकांच्या पुस्तिकांत असतं आणि ते पुरेसं आहे. पेसमेकर असलेल्यांनी तो छातीच्या खिशात ठेवू नये. अतिदक्षता विभागात मोबाइलपेक्षा सुरक्षारक्षकाचा वॉकीटॉकी वैद्यकीय यंत्रांना जास्त त्रास देतो, हे ब्रिटनमध्ये १९९७ साली झालेल्या चाचण्यांतच दिसलं होतं. आपल्या रुग्णालयांत मोबाइल बंद ठेवण्याच्या पाट्या असतात आणि दारातल्या रक्षकाचा सेट चालू असतो. राहिली बॅटरी. उत्पादक सांगतात ते बॅटरीचे तास पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के शांतता असं धरून मोजलेले असतात. क्रेनवर इतकी शांतता नसते, म्हणून दुसरी चार्ज केलेली बॅटरी रिगरच्या खिशात हवीच.

सिमकार्डवर चालणारे, बटण दाबून बोलायचे सेट आता जोरात विकले जात आहेत. वारंवारितेचा परवाना नको, पल्ला देशभर. मालवाहतूक, फिरते विक्रेते, दूरच्या शाखा यांना ते उत्तम. पण मोबाइलचं जाळं कोलमडलं, विसर्जनाच्या गर्दीत अडलं किंवा महापुरात टॉवरची वीज गेली, की ते मुके होतात. आवाज पोचायला लागणारा उशीरही कमी-जास्त होत राहतो. लटकता माल, आग, वायुगळती यांसाठी ते वापरू नयेत.

सेट घेणाऱ्या कंपनीने परवान्याचं आणि चॅनलचं बघावं, पण ज्याच्या कमरेला तो असतो तो बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. कामगार बदलतो, ठेकेदार बदलतो आणि शिकवलेलं त्याच्याबरोबर जातं. तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर असाल, साइटवर अभियंता असाल किंवा कारखान्यात सुरक्षा अधिकारी असाल, तर पुढचा करार करताना वॉकीटॉकीच्या प्रशिक्षणाचा एक तास, पगारी, प्रत्येक नव्या माणसासाठी, त्यात लिहून घ्या.